खिडकीकडची रांग

तिसरीच्या वर्गातून बाकं बाहेर निघाली, तेव्हा बाई ती मोजत उभ्या राहिल्या. अठरा बाकं होती, सहा-सहाच्या तीन रांगा. शिपाईमामा आणि वरच्या वर्गातली चार दांडगी पोरं ती एकेक करून व्हरांड्यातून ओढत नेत होती. फरशीवर असा काही खरखराट चालला होता, की शेजारच्या वर्गातल्या मास्तरांनी दार लावून घेतलं. बाई फळ्याला टेकून नुसत्या बघत होत्या. कुणाला वाटलं असतं, या वयात माणसाला जुन्या वस्तूंचा लळा लागतो, त्यातलाच हा प्रकार. लळाबिळा काही नव्हता. त्या बाकांवर बाईंची नोकरी उभी होती, आणि हे जगात फक्त बाईंनाच ठाऊक होतं. निदान त्यांची तशी समजूत होती.

गोष्ट अशी होती, की बाईंचा डावा कान गेला होता. चार वर्षांपूर्वी एक ताप आला, आठवड्याने तो उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आतली नस गेली. यंत्राचा काही उपयोग व्हायचा नाही. उजवा ठणठणीत आहे, तोच जपा." बाईंनी डॉक्टरांचा कागद कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली सरकवला. शाळेत सांगितलं तर काय होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चित्रकलेच्या मास्तरांची नजर अधू झाली, तेव्हा सगळे हळहळले, फुलांचा गुच्छ देऊन झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून मास्तर भांडारात जाऊन बसले, खडूच्या खोक्यांची राखण करत. बाईंच्या निवृत्तीला पाच वर्षं होती. पोरांशिवाय आपल्याला पाच दिवससुद्धा काढता येणार नाहीत, हे त्यांना पक्कं माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्या कामाला लागल्या.

काम मात्र त्यांनी मोठ्या अकलेने केलं. दरवर्षी पहिल्या आठवड्यात त्या प्रत्येक मुलाला उभं करून एक कविता म्हणायला लावत. मुलांना वाटे पाठांतर चाललंय. चालली असायची आवाजाची निवड. पुटपुटणारी, ओठातल्या ओठात बोलणारी पोरं दाराकडच्या रांगेत, म्हणजे बाईंच्या उजव्या हाताला. बेताच्या आवाजाची मधल्या रांगेत. आणि ज्यांचं बोलणं रस्त्यापलीकडे ऐकू जातं अशी घसाफोडू मंडळी खिडकीकडच्या रांगेत, डाव्या हाताला. त्यांचं ऐकायला अर्धा कानही पुरे. एकदा जागा ठरली की वर्षभर ती हलायची नाही. "आमच्या बाईंच्या वर्गाची शिस्त बघावी," असं इतर शिक्षक म्हणायचे, आणि बाई मान खाली घालून वह्या तपासायच्या.

आता या सगळ्यावर मोठ्या बाईंनी बोळा फिरवला होता. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. वयाने त्या बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी धाकट्या होत्या. मोठेपण खुर्चीचं होतं. त्या कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि तिथून हे खूळ घेऊन आल्या, असं बाईंचं मत. ज्या मुलाला जिथे हवं तिथे, जसं हवं तसं बसू द्यायचं. त्यासाठी उभ्याने लिहायची दोन उंच टेबलं आली, चार गोल टेबलं आली, जमिनीवर पसरायला चटया, उशा आणि बुटकी मेजं आली. शिवाय सहा स्टुलं अशी आली, की त्यांचं बूडच गोल. त्यावर बसलेलं पोर सारखं डुलत राहणार.

"मोठ्या बाई, सक्ती केली नाही तर ती बसणारच नाहीत हो," बाई म्हणाल्या.

"मग उभी राहू देत की! त्यासाठीच तर उंच टेबलं आणलीत." मोठ्या बाई हसल्या. "हे बघा, तुमचा वर्ग सगळ्यात शिस्तीचा. तिथे जमलं तर सगळीकडे जमेल. महिनाभर करून बघू. तुम्ही एका वहीत लिहून ठेवा, एका बाजूला फायदे, एका बाजूला तोटे. महिन्याने पालकांची सभा घेऊ आणि तिथे तुम्हीच सांगा. तुम्ही नको म्हणालात, तर मी बाकं परत आणते."

शिस्तीचं कौतुक असं अंगाशी आलं. पण शेवटचं वाक्य बाईंनी नीट मनात ठेवलं. महिनाभर कळ काढायची आणि तोट्यांची बाजू भरून काढायची. नव्याचे नऊ दिवस, दहाव्या दिवशी बाकं परत.

आणि तोटे काही शोधायला जावे लागले नाहीत. पहिल्याच दिवशी डुलत्या स्टुलावरून दोघांची मारामारी झाली. एकाचा दात पडला, तो पडायलाच आलेला होता हा भाग वेगळा. चटईवर पालथं पडून लिहिणाऱ्यांची अक्षरं उताराला लागली. एका चष्मेवाल्याने मागचा कोपरा पकडला आणि फळ्यावरचं काहीही दिसत नसताना आठवडाभर सुखाने झोपा काढल्या. दप्तरांना जागा नाही, डबे पायात येतात, झाडताना उशा उचलून उचलून शिपाईमामांची कंबर धरली. वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे 'वकील' म्हणत, कारण ती प्रत्येक गोष्टीत कलम काढायची. तिने विचारलं, "बाई, कुठेही बसा म्हणजे तुमच्या खुर्चीवर पण का?" बाईंनी हा प्रश्नसुद्धा तोट्यांत लिहून टाकला.

एका गोष्टीने मात्र त्यांची पंचाईत केली. 'भोवरा' नावाने ओळखला जाणारा एक मुलगा होता. बाकावर त्याला दहा मिनिटं बसवणं म्हणजे पाणी मुठीत धरणं. तो उंच टेबलापाशी उभा राहिला, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत राहिला, आणि वर्षात पहिल्यांदा त्याने शुद्धलेखनाचं अख्खं पान पूर्ण केलं. बाईंनी ते पान उलटसुलट करून पाहिलं. मग नाइलाजाने फायद्यांच्या बाजूला एक ओळ लिहिली, बारीक अक्षरात.

खरा तोटा वहीत लिहिण्यासारखा नव्हता. एकाच कानाने ऐकणाऱ्याला आवाज आला हे कळतं, तो कुठून आला हे कळत नाही. बाकं होती तेव्हा कोण कुठे आहे हे बाईंना पाठ होतं. आता रोजचा नकाशा नवा. आज पुटपुट्या पोरगा डावीकडच्या चटईवर, उद्या उशीच्या ढिगाआड. कुणीतरी शीळ घातली की बाई गर्रकन वळून नेमक्या चुकीच्या पोरावर डाफरायच्या. भोवरा तर एकदा रडकुंडीला आला. आयुष्यात पहिल्यांदा तो गप्प बसला होता आणि नेमका तेव्हाच त्याला ओरडा बसला. पोरं गोंधळून बाईंकडे बघायला लागली. बाई रोज घरी जाताना मनाशी दिवस मोजायच्या.

आता या गोष्टीतली भोंगा. भोंगा म्हणजे एक मुलगी, सात-साडेसात वर्षांची, मनगटं काड्यांसारखी. वर्ष सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर ती शाळेत आली. पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात आईचा हात सोडताना तिने असं काही भोकाड पसरलं, की शाळेतले सगळे वर्ग थांबले. शिपाईमामा म्हणाले, "कारखान्याचा भोंगा झाला काय?" झालं, नाव पडलं. कवितेची परीक्षा होऊन गेली होती. बाईंनी विचार केला, हिची काय परीक्षा घ्यायची, हातच्या काकणाला आरसा कशाला? आणि तिला सरळ खिडकीकडच्या रांगेत बसवलं, तिसऱ्या बाकावर, दोन दांडग्या पोरांच्या मागे.

तेव्हापासून भोंग्याने तोंड उघडलं नव्हतं. तोंडी पाढे असोत की प्रश्नोत्तरं, तिच्याकडून एक शब्द नाही. लेखी बरं होतं. पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं, 'वर्गात उत्तर देत नाही. घरी लक्ष द्यावे.' लिहिताना त्यांना वाईट वाटलं होतं, पण जे खरं ते लिहिलं, अशी त्यांची समजूत.

बाकं गेल्यावर या भोंग्याने एक विचित्र उद्योग सुरू केला. इतर पोरं आवडती जागा पकडून ठेवायची, ही रोज जागा बदलायची. सोमवारी खिडकीखालची चटई, मंगळवारी मधलं गोल टेबल, बुधवारी कपाटाजवळचा कोपरा. एक दिवस तर डुलतं स्टूल रिकामं असताना ते सोडून ती फळ्याखाली जाऊन बसली. बाईंनी लिहिलं, 'काही मुले अस्थिर होतात.' तोट्यांत.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती बाईंच्या खुर्चीच्या उजव्या अंगाला, अगदी गुडघ्यापाशी चटई टाकून बसली. पाढे चालले होते.

"सात आठे?" बाईंनी वर्गाला विचारलं.

"छप्पन्न," असा एक सुतासारखा आवाज आला. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. भोंगा मान वर करून त्यांच्याकडे बघत होती.

"नऊ साते?"

"त्रेसष्ट."

"बारा चोक?"

"अठ्ठेचाळीस." आणि मग, कुणी न विचारताच, "बारा पाचे साठ."

बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी तिथल्या तिथे तिला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी फायद्यांच्या बाजूला त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'भोंगा बोलू लागली.' बाकं गेलेली त्यांना नको होती, पण मूल बोलतं झालं हे नाकारायला त्या काही दगड नव्हत्या.

मोठ्या बाईंनी वही वाचली आणि त्या खुर्चीतून उठल्याच. "बाई, हे तर फारच मोठं! सहा महिने मुकी बसलेली मुलगी जागा बदलल्यावर बोलते. आता कुणाची बिशाद आहे नको म्हणायची? शनिवारच्या सभेत हे तुम्ही सांगायचं. तिच्या आईलाही बोलावू."

मधल्या सुट्टीत सगळी पोरं मैदानावर पळाली. भोंगा चटईवरच बसून डबा खात होती. बाईंनी खुर्ची थोडी वळवली आणि लाडाने विचारलं, "काय गं, इतके दिवस का बोलली नाहीस?"

"बोलायचे की," भोंगा घास गिळून म्हणाली.

"कधी?"

"रोज. तुम्ही विचारायचात तेव्हा. सहा नवे विचारलं, मी चोपन्न म्हटलं. मग तुम्ही म्हणालात, खिडकीकडे सगळे झोपलेत वाटतं."

बाईंच्या हातातला पेला हातातच राहिला. हे वाक्य त्यांचंच होतं, यात शंका नव्हती.

"मग मला वाटलं तुम्हाला मी आवडत नाही," भोंगा पुढे सांगत होती, काल काय खाल्लं हे सांगावं इतक्या सहज. "पहिल्या दिवशी रडले ना, म्हणून. पण मग बाकं गेली. मग मी एकेका जागेवरून बोलून बघितलं. खिडकीकडून बोललं की तुम्हाला कळत नाही. फळ्याखालून थोडं थोडं कळतं. इथून सगळं कळतं." तिने बाईंच्या उजव्या कानाकडे बोट दाखवलं. "याच्याजवळ."

चार वर्षं डॉक्टरांपलीकडे कुणाला पत्ता लागू दिला नाही, आणि साडेसात वर्षांच्या पोरीने पंधरा दिवसांत, चटई इकडून तिकडे ओढत, मुळाशी जाऊन हात घातला होता. बाईंना हसावं की रडावं कळेना.

"तू आईला हे सांगितलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी उत्तर देते हे सांगितलं. आई म्हणाली खोटं बोलू नकोस, पुस्तकात बाईंनी लिहिलंय. मग तिने माझ्या चिंध्या बंद केल्या."

"कसल्या चिंध्या?"

"आई कपडे शिवते ना, तिच्या मशीनखाली पडतात त्या. मी बाहुलीचे कपडे करते. खोटं बोलणाऱ्यांना चिंध्या मिळत नाहीत. खरं सांगितल्यावर मिळणार." तिने डब्याचं झाकण लावलं. "पण मी खरंच सांगते."

ती मैदानावर निघून गेली. बाई रिकाम्या वर्गात बसून राहिल्या. त्यांना स्वतःची अशी शरम पूर्वी कधी वाटली नव्हती. मुलगी मुकी कधीच नव्हती. आपलं पाप आपण पोरीच्या प्रगतिपुस्तकात, तिच्या नावावर, सुंदर वळणदार अक्षरात लिहून घरी पाठवलं होतं. आणि आता शनिवारी त्याचं श्रेय चटयांना देऊन मोकळं होण्याची सोय आयतीच चालून आली होती. मोठ्या बाई खूश, आई खूश, मूठ झाकलेली ती झाकलेलीच. फक्त पोरगी जन्मभर समजणार, की आपण खरं बोललो तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही.

संध्याकाळी बाई आणि त्यांचे यजमान रोजच्यासारखे फिरायला निघाले. यजमान बसवर ड्रायव्हर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. बोलायला काटकसरी माणूस. चौकात वळताना गर्दीत दोघांची बाजू बदलली, आणि यजमान बाईंच्या मागून वळसा घालून परत उजवीकडे आले. बाई थांबल्या. त्यांच्या एकदम लक्षात आलं, की हे आज पहिल्यांदा घडत नव्हतं. जेवायच्या टेबलावरही यजमानांची खुर्ची उजवीकडे होती. पूर्वी ती समोर असायची.

"अहो, तुम्ही नेहमी याच बाजूने का चालता?"

"दुसऱ्या बाजूने बोललो तर तुला दोनदा सांगावं लागतं," यजमान म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"अगं, तीस वर्षं आरशात बघून गाडी चालवली. घरातल्या माणसाचा डावा आरसा फुटलेला मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू लपवत होतीस. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल."

बाईंनी मग तिथेच, फुटपाथच्या कडेला उभं राहून भोंग्याची सगळी हकिकत सांगितली. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "डावा आरसा फुटला म्हणून गाडी डेपोत लावत नाहीत. शेवटच्या थांब्यापर्यंत नेता येते. पण कंडक्टरला सांगावं लागतं, बाबा, डावीकडचं तू बघ. न सांगता नेली, की मग कुणीतरी गाडीखाली येतं."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे बाईंना कळायला चार वर्षं लागली होती. पण भांडारातल्या त्या खडूच्या खोक्यांची भीती काही तेवढ्याने गेली नाही.

सभेला पालक आले आणि मुलांच्याच जागांवर बसले, कारण दुसऱ्या जागा नव्हत्या. एक जाडजूड वडील डुलत्या स्टुलावर बसून भिंतीचा आधार शोधत होते. उशांवर बसलेल्या आज्यांना उठायचं कसं याची काळजी लागली होती. चर्चा मात्र जोरात झाली. कुणाच्या आजोबांचं म्हणणं, बाकावर ताठ बसल्याशिवाय शिस्त येत नाही. चष्मेवाल्याची आई म्हणाली, मुलाला जागा निवडू द्या, पण डोळे त्याचे आहेत, अक्कल अजून यायची आहे. वकिलाचे वडील नऊ मुद्दे लिहून घेऊन आले होते, त्यावरून पोरगी कुणावर गेलीय ते कळलं. भोवऱ्याची आई एवढंच म्हणाली, "आमचा मुलगा पहिल्यांदा म्हणतोय, शाळेत जायचंय," आणि तिचे डोळे भरून आले.

मग मोठ्या बाई उठल्या. "आता बाई एका मुलीबद्दल सांगतील. आमच्या प्रयोगाचं सगळ्यात मोठं यश आहे ते."

भोंग्याची आई खिडकीखालच्या चटईवर मुलीला जवळ घेऊन बसली होती. कामावरून तशीच आली असावी, गळ्यात माप घ्यायची टेप होती. बाई उभ्या राहिल्या. हातातली वही त्यांनी टेबलावर ठेवून दिली.

"हे यश चटयांचं नाही," त्या म्हणाल्या. "ही मुलगी पहिल्या दिवसापासून उत्तरं देत होती. मलाच ऐकू येत नव्हती. माझा डावा कान चार वर्षांपूर्वी गेला. मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला वर्ग सोडायचा नव्हता. तिला मी डावीकडे बसवलं, आणि वर तिच्या पुस्तकात लिहिलं की ती उत्तर देत नाही. ते खोटं आहे. तिने घरी जे सांगितलं, ते खरं होतं."

वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं, अर्थात दोन्ही कान असणाऱ्यांना. मोठ्या बाईंचा चेहरा उतरला होता. मागे कुणीतरी कुजबुजलं. भोंग्याच्या आईचे ओठ हलले. बाईंनी सवयीने मान डोलवायला सुरुवात केली. चार वर्षं त्या अशीच मान डोलवत आल्या होत्या, आणि समोरच्याला वाटत आलं होतं की कळलं. मग त्या थांबल्या.

"ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या. "या बाजूला येऊन सांगाल का?"

हे वाक्य त्यांनी चार वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं होतं. भोंग्याची आई उठली, सगळ्यांना ओलांडून पलीकडे आली आणि त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाली, "मी इतके दिवस पोरीला खोटारडी म्हटलं हो." बाईंनी तिचा हात धरला.

भोंगा आईच्या मागोमाग येऊन उभी होती. आई खाली वाकून तिला म्हणाली, "चुकले गं मी. घरी गेल्यावर चिंध्यांची सगळी पिशवी तुझी."

"लाल मखमलपण?"

"लाल मखमलपण."

"मी सांगितलं होतं ना," भोंगा म्हणाली. रागाने नाही, नुसती नोंद करून ठेवावी म्हणून.

सभा कशीबशी आटोपली. जाताना मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "हे मला आधी सांगायला हवं होतं." बाई म्हणाल्या, "हवं होतं." रविवार बाईंनी भांडी घासून लखलखीत करण्यात घालवला. यजमान म्हणाले, आता घासायला फक्त मी उरलोय.

सोमवारी बाई वर्गाच्या दारात पोचल्या, तर शिपाईमामा गुडघे टेकून त्यांच्या टेबलाचे स्क्रू काढत होते. फळ्यासमोरच्या लाकडी चौथऱ्यावर ते टेबल बसवलेलं होतं, बाई शाळेत येण्याच्याही आधीपासून. शेजारी मोठ्या बाई उभ्या होत्या. बाईंना वाटलं, संपलं. खडूची खोकी डोळ्यांपुढे आली.

"भांडारात नेताय?" त्यांनी विचारलं.

"भांडारात कशाला?" मोठ्या बाई म्हणाल्या. "शनिवारी मी तुमच्यावर चिडले होते, अजूनही थोडी चिडलेली आहे. तिचं पुस्तक आज तुम्ही लाल शाईने दुरुस्त करायचं, आणि खाली माझीही सही घ्यायची. कारण मीही ते वाचून काही विचारलं नव्हतं. पण टेबल हलतंय ते वेगळ्या कारणाने. सगळ्या वर्गाची बसायची तऱ्हा बदलली, तुमची तेवढी राहिली होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. ते हिच्या लक्षात आलं."

भोंगा शिपाईमामांच्या मागे स्क्रू गोळा करत बसली होती. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तिने मामांना सांगितलं होतं, की बाईंना खिडकीत बसवा. डावा कान रस्त्याकडे, म्हणजे गाड्यांचा आवाज बिघडलेल्या कानाला, आणि सगळी मुलं चांगल्या कानाला. मी बघितलंय बसून.

बाई खिडकीजवळच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या. समोर अख्खा वर्ग त्यांच्या उजव्या अंगाला पसरला होता. इतका साधा उपाय, आणि चार वर्षं त्या पोरांनाच इकडून तिकडे हलवत राहिल्या होत्या. बाईची जागा मधोमध असते, असं कुणी सांगितलं होतं कोण जाणे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर नाचणारीने अंगणच स्क्रूने ठोकून ठेवलं होतं.

व्हरांड्यातून चार बाकंही परत आली, कारण सहा-सात मुलांनी स्वतःहून मागितली होती. बसायची मुभा आहे तर बाकावर बसायचीही हवी, असं वकिलाने कलम काढलं होतं आणि मोठ्या बाईंना ते खोडता आलं नाही. चष्मेवाला पहिल्या बाकावर आला, त्याच्या आईच्या हुकमाने. भोवरा उंच टेबलापाशी नाचत उभा राहिला. वहीतल्या दोन्ही बाजू आता जवळजवळ सारख्याच भरल्या होत्या, आणि बाईंना त्याचं काही वाटत नव्हतं.

त्यांनी हजेरीपट उघडला आणि नावं घ्यायला सुरुवात केली. चार वर्षं त्या मान वर करून, ओठ बघत हजेरी घ्यायच्या. आज त्यांनी मुद्दाम डोळे कागदावर ठेवले. हजर, हजर, हजर. जाडे आवाज, किनरे आवाज, एक सर्दी झालेला. भोंग्याचं नाव आलं. ती आज गुडघ्यापाशी नव्हती. पार पलीकडे, दाराजवळच्या कपाटापाशी, सगळ्यात लांबची जागा शोधून बसली होती.

"हजर," ती म्हणाली, आपल्या नेहमीच्या सुतासारख्या आवाजात, जराही न चढवता.

बाईंनी मान वर केली.

"ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "तरी पुन्हा एकदा म्हण."